लुगडी नेसलेली भिंत

गिरणवाडीत पहिल्या दिवशी मी काय केलं, तर पाय धुतले.

बाहेरून आल्यावर पाय धुवावेत हे आईनं शिकवलेलं. चाळीच्या ओट्यावर पितळी तांब्या ठेवला होता, राखेनं घासून लख्ख केलेला. "घ्या सायेब, पाय धुवा," असं एक बाई म्हणाल्या. मी चपला काढल्या, उजव्या पायावर पाणी सोडलं, डाव्या पायावर सोडलं, उरलेल्याचा तोंडावर हबका मारला आणि रिकामा तांब्या पालथा घातला. वर म्हणालो, "वा! बरं वाटलं."

ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं पालथ्या तांब्याकडं असं पाहिलं, जसं कुणी घरातलं माणूस गेल्यावर बघतो.

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. मी नवाच ओव्हरसियर, लोहाऱ्याच्या एका ठेकेदाराकडची नोकरी सोडून सोसायटीच्या पगारावर आलेला. मला काय ठाऊक, की त्या साली तिथं वेगळी रीत पडली होती! पाहुणा आला की तांब्या पुढं करायचा. पाहुण्यानं त्याला नुसता हात लावायचा, 'धुतले' म्हणायचं आणि बसायचं. तांब्या जसाच्या तसा आत जायचा आणि दुसऱ्या घरी पाहुणा आला की तिकडं निघायचा. पाहुणचारही होतो, पाणीही राहतं. सगळ्या चाळीच्या पाहुण्यांचे पाय त्या एका तांब्यानं न सांडता धुतले होते, आणि मी एकट्यानं तो रिकामा केला.

तांब्या पुढं करणाऱ्या बाईंनीच मला सोडवलं. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "त्येंचे पाय खरंच मळले व्हते."

या गयाबाई. पुढं वर्षभर माझं जे काही बरंवाईट झालं त्यात या बाईंचा हात आहे. घरात मी ही गोष्ट सुरू केली की धाकटी मुलगी म्हणते, "बाबा, तांब्यापासून नको, भिंतीपासून सांगा." पण तांब्याशिवाय भिंत समजत नाही, म्हणून मी तांब्यापासूनच सांगतो.

गिरणवाडी कळंब आणि येडशीच्या मधे, मुख्य रस्ता सोडून आत. इतर गावांना आधी गाव असतं आणि मग त्यात काहीतरी निघतं. इथं उलटं. निजामाच्या काळात कुणा शेठनं माळावर कापसातली सरकी काढायची गिरणी, म्हणजे जीन, घातली, आणि गिरणीच्या कडेनं गाव जमलं. कापसाच्या गाठी बैलगाड्यांनी येडशी स्टेशनला जायच्या. पुढं शेठ गेला, इंजिन थंडावलं, पण इमारती उभ्याच राहिल्या. कमानीच्या खिडक्यांचं लांबलचक जीनघर, गाठी दाबायचं प्रेसघर, काटाघर, इंजिनाच्या पाण्याचा हौद, रंगीत काचांच्या खिडक्यांचा मॅनेजरचा बंगला, कामगारांची चाळ, आणि सगळ्यांच्या डोक्यावर विटांचं धुराडं. हे सगळं शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीनं घेतलं आणि नेमका त्याच साली कापूस आला नाही. कापूस नाही, तर इमारती तरी नीट करून ठेवू, असं ठरलं. म्हणून मी.

जुन्या इमारतीची देखभाल म्हणजे काय, असं लोक विचारतात. निम्मं काम म्हणजे पाण्याचा माग काढणं. पाणी कुठून शिरतं, कुठं मुरतं, कुठून निघतं. दगडाची भिंत उन्हानं पडत नाही, वाऱ्यानं पडत नाही. ती पडते पनाळीतून भलतीकडं गेलेल्या पाण्यानं. तेव्हा ज्या साली आभाळात ढगाचं नाव नव्हतं, त्या साली मी गळक्या जागा शोधत माळवदांवरून, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवरून, फिरत होतो. लोक खालून विचारायचे, "सायेब, घावलं का पानी?"

उरलेलं निम्मं काम म्हणजे माणसं. एक शेतकरी रोज यायचा. तक्रार अशी, की धुराड्याची सावली त्याच्या खळ्यावर पडते, ज्वारी वाळायला वेळ लागतो. तर धुराडं वरून थोडं कापता येईल का? मी म्हणालो, सोसायटीच्या मीटिंगला मांडू. मांडलंही. उन्हाळा चढला तसं त्यानं येणं बंद केलं. मग एकदा पाहिलं, तर तो आपली गाय घेऊन त्याच सावलीत बसलेला. माळावर झाडाला पान नव्हतं. धुराड्याची सावली सरकेल तशी गाय सरकत होती आणि गायीमागं तोही. मी थट्टेनं म्हणालो, "मंजूर झालंय बरं का, कापायचं." तो दोन्ही हात जोडून उभाच राहिला.

आता चाळीचं सांगतो.

सोसायटीचे चेअरमन नाना. उंच, पांढरंशुभ्र धोतर, आवाज असा की माइक लागू नये. माणूस वाईट नव्हता. दुष्काळी कामावर रोज स्वतः उभा राहायचा. पण त्याच्या डोक्यात एक नवं गोदाम होतं आणि त्या गोदामाला दगड हवा होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बंगल्याच्या व्हरांड्यात बसवलं आणि समोर बोट दाखवलं.

"ती चाळ. तिचं काय करायचं ते तुम्ही सांगायचं. आणि तुम्ही काय सांगायचं ते मी सांगतो."

"सांगा."

"मोडकळीस आलीय, असं लिहून द्या."

"न पाहता?"

"पाहा की! कुणाची हरकत आहे? पाहा आणि मग लिहा."

पाहिलं. आणि पंचाईत अशी झाली, की नाना खोटं बोलत नव्हते. चाळीची एका टोकाची भिंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या खोलीची बाहेरची भिंत, पोट काढून उभी होती. माळवदाची पनाळ कधीतरी मोडलेली, वर्षानुवर्षं पावसाचं पाणी भिंतीच्या पोटात गेलेलं. अशा भिंतीला बाहेरून घडीव दगड, आतून दगड, आणि मधे माती नि दगडाच्या चिपा. पाण्यानं ती माती फुगली, दुष्काळात वाळून बसली, आणि बाहेरचा दगड आधार सुटून पुढं आला. ती भिंत गेली असती तर कोपऱ्यावरचं माळवद गेलं असतं, त्याला लागून गयाबाईंचं, आणि मग एकेक करत ओळ.

कोपऱ्यावरच्या खोलीतलं बिऱ्हाड आधीच पुण्याकडं कामाला निघून गेलं होतं. बाकीच्यांना कुठं जायला जागा नव्हती. गयाबाई नवरी म्हणून आल्या त्या त्याला लागूनच्या आपल्या खोलीत. गिरणीत कापूस निवडायला होत्या. नवरा इंजिनाला तेल घालायचा, तो गेला. खोलीत बुद्धाची तसबीर, चूल, जातं आणि गिरणीच्या बारदानाची शिवलेली वाकळ. एवढंच, पण सगळं जागच्या जागी.

नाना चाळीसमोर उभे राहून म्हणाले, "गयाबाई, ही भिंत कुणाच्या अंगावर आली तर जबाबदार कोण? मीच की."

"न्हाय येत अंगावर. वळख हाय आमची."

"थट्टा नको. गाव मोठं आहे, कुठंतरी सोय होईल."

"गाव मोठं हाय नाना. पर त्या गावात आमी ऱ्हात न्हाय, आमी चाळीत ऱ्हातो." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सायेब, दुरुस्त व्हती का न्हाय तेवढं बोला."

दुरुस्त होते, असं मी म्हणालो. खरं म्हणजे मी 'बघू' म्हणणार होतो. पण पाय धुतल्यापासून त्या बाईंच्या समोर माझी जीभ जरा घाईनंच चालायची. नानांनी मला वेळ दिला. वरून डेप्युटी इंजिनियर तपासायला येणार होते, तोवर भिंत उभी करून दाखवायची. डेप्युटींनी पास केली तर चाळ राहील, नाहीतर तिचा दगड गोदामाला.

अशी भिंत दुरुस्त करायची म्हणजे आधी माळवदाला लाकडी टेकू द्यायचे, मग पोट सुटलेला भाग वरून थराथरानं उतरवायचा, आतली मेलेली माती काढायची आणि तेच दगड चुन्यात पुन्हा बसवायचे. मधूनमधून आरपार लांब दगड घालायचा, म्हणजे बाहेरची नि आतली बाजू एकमेकींना धरून राहतात. सिमेंट चालत नाही. म्हणजे मला वाटायचं, चालतं. आल्याआल्या मी बंगल्याच्या व्हरांड्याला हौसेनं सिमेंटचा गिलावा केला होता. जुन्या चुन्यानं त्याला धरून ठेवायचं नाकारलं, आणि ऐन मीटिंगमधे त्याची एक मोठी खपली सेक्रेटरींच्या चहात पडली. तेव्हापासून मी चुन्याचा भक्त.

चुना मळायची दगडी घाणी गिरणीच्या आवारातच होती. गोल खाच आणि तिच्यात फिरणारं दगडी चाक. ते चाक बैल ओढतो. बैल सगळे छावणीवर गेलेले. मग चाळीतली माणसं दुष्काळी कामावरून परतली की जोडीजोडीनं जुवाला लागायची. नाना येताजाता म्हणायचे, "अरे, वैरण घातली का यांना?" आणि मग एकदा गंमत म्हणून स्वतःच जुवाला लागले, धोतर वर खोचून. फेऱ्या काही फार झाल्या नाहीत, पण चाळीला बरेच दिवस बोलायला विषय झाला.

भिंत चढली. चांगली चढली. आणि तिथं खरी अडचण सुरू झाली.

चुना वाळून घट्ट होत नाही, तो ओला राहून घट्ट होतो. कित्येक दिवस भिंतीला पाणी मारावं लागतं. ऐन उन्हाळ्यात ती उघडी वाळली तर चुन्याचं पीठ होतं. दगड नुसते एकमेकांवर ठेवल्यासारखे राहतात. आणि पाणी कुठं होतं? टँकर यायचा तो पिण्याला पुरायचा नाही. चुना विरवायला नानांनी पाण्याचं एक टिपाड दिलं होतं, ते उपकारच. मी पुन्हा मागायला गेलो तर नाना शांतपणे म्हणाले, "ओव्हरसियर, लेकरांच्या तोंडचं पाणी भिंतीला पाजू का? सांगा, लगेच पाजतो."

मी चाळीत परत आलो आणि ओट्यावर बसून राहिलो.

गयाबाई ज्वारी निवडत होत्या. "काय करायलाव सायेब, तोंड पाडून?"

"भिंतीला पाणी पाहिजे."

"पानी पायजे का वल पायजे?"

"म्हणजे?"

"म्हंजी, धार धरावी लागती का नुसतं गार ऱ्हायलं तरी भागतंय?"

"गार राहिलं तरी चालतं. ओलं बारदान टाकतात अशा वेळी."

"मग लुगडी टाकू की! धुतल्याव दोरीवर टाकतो, ती भित्तीवर टाकू. वाळायची ती वाळतील, जाता जाता तिला वल देतील."

मला वाटतं, मलाही हे सुचलं असतं. साधारण पावसाळ्यापर्यंत.

धुणं तरी त्या साली कुठं रोजचं? हौदाच्या तळाशी झऱ्याचं गढूळ पाणी साचायचं, त्यात आठवड्यातून एकदा कपडे खळबळायचे. बायकांनी पाळ्या लावल्या. आज या घरचं धुणं, उद्या त्या घरचं. एकदम सगळं धुवायचं नाही. धुणं पिळायचं तेही हलक्या हातानं. आधी गिरणीतली जुनी बारदानं भिंतीवर लावली आणि त्यांच्यावर ओली लुगडी, धोतरं, वाकळी. पाहता पाहता भिंत हिरवी, लाल, जांभळी झाली. लांबून येणाऱ्याला वाटावं, चाळीत लग्न आहे.

गिरणीनं खोल्या देताना जात पाहिली नव्हती, असं लिहायला मला आवडलं असतं. पाहिली होती. चाळीचं वरचं टोक आणि खालचं टोक असा फरक होता, तो गिरणी बंद पडल्यावरही पुसला नव्हता. पहिल्या आठवड्यात लुगडीही तशीच पडली. वरच्या टोकाची भिंतीवर वर, खालच्या टोकाची खाली. पण भिंत वरून आधी वाळते. मी सांगून टाकलं, वाटण्या करू नका, जिथं वाळलेलं दिसेल तिथं टाका. वरच्या टोकाच्या एक आजी चार दिवस कुरकुरल्या. मग वाऱ्यानं त्यांचंच लुगडं उडून गयाबाईंच्या लुगड्यात गुंडाळलं गेलं, ते सोडवता सोडवता दोघी बोलायला लागल्या, आणि पुढं कुणाचं कुठं हे बघायला कुणाला सवड राहिली नाही.

एक गोष्ट मात्र मला आजही बोचते. चुना कापड खातो. मधे बारदान असलं तरी डाग पडतात, विरतं. मी आधीच सांगितलं होतं, "जुनीच लुगडी टाका, नवी नको." मला नंतर कळलं, की मी काय बोलून गेलो. नवं होतं कुणाकडं? जे अंगावर तेच जुनं आणि तेच नवं. गयाबाईंनी बुद्धवंदनेला जायचं आपलं पांढरं लुगडंही एका फेरीला टाकलं. काठाशी चुन्यानं खाल्लेला भाग त्यांनी आत मुडपून शिवला. मी पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "काठ रुंदच व्हता."

आता काचांचं. दुरुस्त केलेली भिंत हलते की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जुन्या आणि नव्या कामाच्या सांध्यावर काचेची पट्टी आडवी बसवायची, दोन्ही टोकं पक्की करून. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. बंगल्याच्या फुटक्या खिडकीतल्या काचा मी कापून घेतल्या आणि सांध्यावर एकाखाली एक लावल्या: वर हिरवी, मधे पिवळी, खाली लाल. चाळीतली माणसं सकाळी उठून आधी काचा बघायची. जाणाऱ्याला येणारा विचारायचा, "हाय का?" तो म्हणायचा, "हाय, तिनी हायत."

डेप्युटी येणार त्याच्या आदल्या दिवशी मी घरून, कळंबहून, येऊन सकाळच्या एसटीतून उतरलो. पाहतो तर लाल काच फुटलेली.

माझं पुढचं वागणं मी शहाणपणाचं म्हणून सांगत नाही. मी ओरडलो, "बाहेर! सगळे बाहेर! काही राहू देऊ नका आत!" माणसं घाबरून निघाली. हंडे, उतरंडी, शेळ्या, वाकळी, एक आजारी म्हातारी खाटेसकट. बघता बघता अख्खी चाळ समोरच्या लिंबाखाली उघड्यावर आली. आणि तेवढ्यात नानांची जीप.

नानांनी रिकामी चाळ पाहिली, लिंबाखालचा संसार पाहिला, फुटकी काच पाहिली. त्यांना आनंद झाला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण ते म्हणाले, "तुम्ही प्रयत्न केलात, ओव्हरसियर. मी नाकारत नाही. आता रिकामी झालीच आहे तर पुन्हा आत कुणाला जाऊ देऊ नका. उद्या डेप्युटींना असंच दाखवू आणि विषय संपवू."

म्हणजे जे काम नानांना इतके महिने जमलं नव्हतं ते मी एका आरोळीत करून दिलं होतं.

गयाबाई जात्यावर बसल्या होत्या. ते जातं दोघांनी मिळून बाहेर आणलेलं. त्या उठून माझ्यासमोर आल्या. रागावल्या नव्हत्या; तेच अवघड होतं.

"सायेब, भित पडती का न्हाय? येकच सांगा. पडत आसंल तर आमी जातो कुटंबी. पर निस्तं भ्याव वाटलं मनून भाईर काढू नका."

मी शिडी लावून वर गेलो. खरं तर हे आधी करायचं आणि मग ओरडायचं. हिरवी काच शाबूत. पिवळी शाबूत. भिंत सरकली असती तर सर्वांत आधी वरची तडकली असती, कारण भिंत कलते ती वरून. आणि लाल काच? भिंत सरकून काच तुटते ती सांध्याच्या रेषेत, सुरीनं कापल्यासारखी. ही मधूनच कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटली होती. तिच्यावर काहीतरी आदळलं होतं. मी शेजारचं बारदान वर केलं. खाली ताजं भोक आणि त्यात वाकडी झालेली खुंटी.

मी शिडीवरूनच विचारलं, "ही खुंटी कुणी मारली?"

लिंबाखाली सगळे एकमेकांकडं पाहू लागले. खंडूतात्या, गिरणीचा जुना फिटर, पटका सोडून पुन्हा बांधायला लागला.

"मारली आसंल कुनीतरी," तो म्हणाला.

त्याची बायको तिथंच होती. "कुनीतरी काय? तुमीच की! हातुडी कुटं हाय मनून मलाच इचारलं व्हतं."

"आगं ये, गप."

"कामून गप? समदी चाळ भाईर बसली, न् म्या गप?"

तात्यानं पटका तसाच अर्धा ठेवला. "लुगडी उडायली व्हती वाऱ्यानं," तो म्हणाला. "भित उघडी पडायली. म्हनलं, येक खुंटी मारावी, दोरी लावावी, गच्च बसतील. हातुडी निसटली. काच हाय ते म्हाईत व्हतं मला. पर लुगडं व्हतं ना वरून, कुटं हाय ते न्हाय दिसलं."

म्हणजे भिंतीच्या काळजीपोटीच भिंतीत खुंटी. नव्या चुन्याला अजून ओल देतोय आणि त्यातच हातोडी! मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडण्याचा त्या दिवसाचा वाटा मी सकाळीच संपवला होता.

नाना म्हणाले, "ठीक आहे. पण उद्या डेप्युटी येतील, ते ठरवतील. तोवर बाहेरच राहू द्या ना. तुम्हाला खात्री आहे का?"

हा प्रश्न कोणत्याही ओव्हरसियरला आवडत नाही. ओळंबा सरळ लागतो, हातोडीचा आवाज खणखणीत येतो, हिशेब जुळतो. पण खात्री म्हणजे वेगळीच गोष्ट. खात्री म्हणजे त्या छपराखाली कुणीतरी झोपणार आणि आपण म्हणायचं, झोप. मी भिंतीकडं पाहिलं, गयाबाईंकडं पाहिलं आणि म्हणालो, "आहे. नाही पडत."

"मग तुमी काढलं तर तुमीच घाला आत," गयाबाई म्हणाल्या.

मी आवेशात येऊन त्यांचं जातं उचललं. दोघांनी आणलेलं जातं एकट्यानं का उचललं, ते विचारू नका. उंबऱ्यापर्यंत नेलं आणि कमरेत अशी उसण भरली की मी आणि जातं दोघंही उंबऱ्यातच बसलो. चाळ त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग सगळ्यांनी आपापले हंडे उचलले आणि मला ओलांडून आत गेले.

डेप्युटी दुसऱ्या दिवशी आले. बारीक अंगाचा माणूस, तोंडात सुपारी, बोलणं कमी. लुगड्यांनी झाकलेली भिंत पाहून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग एका पांढऱ्याशुभ्र लांब धोतराकडं बोट दाखवलं. चाळीत तसलं धोतर कुणाचं नव्हतं. "हे कुणाचं?"

"चेरमनसायबाचं," गयाबाई म्हणाल्या.

नाना दचकले. "माझं?"

"तुमच्या घरून काकींनी धाडलं. दर धुन्याला धाडत्यात की. म्हनल्या, भित सोसायटीची हाय, मग चेरमनचा हातभार नको व्हय?"

नानांनी जवळ जाऊन धोतराचा काठ पाहिला. त्यावर चुन्याचा पिवळट डाग होता. "तरीच," ते म्हणाले, "मी म्हणत होतो, धोतरं अलीकडं अशी का विरायलीत!" आणि माइक न लागणाऱ्या आवाजात असे हसले की माळवदावरची कबुतरं उडाली. घरात ज्या भिंतीची रोज खरडपट्टी काढायची, तिला आपलंच धोतर महिनाभर ओल देतंय, हे कळल्यावर माणूस दुसरं काय करणार?

डेप्युटींनी लुगडी बाजूला करायला लावली. वरपासून ओळंबा सोडला, प्रत्येक थराला हातोडीनं वाजवून ऐकलं, शाबूत काचा पाहिल्या, फुटलेली पाहिली, खुंटीचं भोक पाहिलं. खंडूतात्या भोकाच्या अगदी समोर उभा होता, अंगानं ते झाकत. शेवटी डेप्युटी म्हणाले, "माझ्या सरकारी क्वार्टरपेक्षा बरी आहे. राहू द्या चाळ. भिंत सुरक्षित आहे अशी ओव्हरसियरनी सही करायची, खाली मी करतो."

मी सही केली. नाना म्हणाले, "आणि माझ्या गोदामाचा दगड?"

तो प्रश्न उरलाच होता. प्रेसघराचं छप्पर कधीच गेलेलं, आत बाभळी उगवलेल्या. मीच ते दाखवलं. गोदाम त्या दगडातून झालं. आज वाटतं, प्रेसघराच्या कमानी तेवढ्या ठेवायला हव्या होत्या. तशा कमानी मी पुन्हा कुठं पाहिल्या नाहीत. पण तेव्हा समोर माणसांची घरं होती आणि कमानींत कुणी राहत नव्हतं. पुढं पाऊस झाला, कापूस आला, सोसायटीनं जीन काही हंगाम चालवली, मग ती थांबली. धुराडं उभं आहे. चाळही आहे, आणि तिची ती भिंत इतर भिंतींहून थोडी पांढरी दिसते, एवढंच.

चाळीतल्या बायका माझ्यामागं लागल्या, वैनींना आणा. माझी बायको सुमन तेव्हा कळंबला होती. बाजारपेठेमागं पत्र्याची एक खोली आम्ही घेतली होती, भट्टीसारखी तापायची. मी आठवड्यातून एकदा जायचो. पुढच्या वेळी तिला घेऊन आलो. मला तिला भिंत दाखवायची होती. आरपार दगड कुठं घातलाय, सांधा कसा लपवलाय, सगळं. तिनं भिंतीकडं पाहिलं, "छान" म्हणाली आणि गयाबाईंच्या खोलीत गेली, ती दुपारभर बाहेर आली नाही. आतून हसण्याचे आवाज येत होते. मी लिंबाखाली खंडूतात्याशी बोलत बसलो.

परत जाताना आम्ही रस्त्यावर एसटीची वाट पाहत उभे होतो. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. भिंतीचा विषय काही निघेना. शेवटी मीच विचारलं, "मग? कशी वाटली भिंत?"

"गयाबाई म्हणाल्या, कोपऱ्यावरची खोली रिकामीच आहे," ती म्हणाली. "ते लोक आता पुण्याहून येत नाहीत. गार आहे हो खोली! मी हो सांगून आले. येत्या बाजारानंतर सामान आणायचं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, कोपऱ्यावरची? त्या भिंतीची?"

सुमननं माझ्याकडं असं पाहिलं, जसं डेप्युटींनीही पाहिलं नव्हतं.

"सही तुमचीच आहे ना?" ती म्हणाली. "मग भिंतीकडच्या अंगाला तुम्ही निजायचं."